मॅडम, तुम्ही आमचं रान विकू दिलं नाही

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

परवा लेकराला तपासणीला आणलं होतं. तुम्ही सोनोग्राफीचा कागद बघितला, "आता वर्षानं या" म्हणालात आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. बाहेर ओळ लागलेली, म्हणून मनातलं बोलायचं राहून गेलं. ते इथं चारचौघांत लिहितो. लेकराच्या किडनीचं ऑपरेशन चिरा देऊन करायचं की दुर्बिणीनं आणि पैसा कुठून उभा करायचा, या घोरात आमच्यासारखे आईबाप आजही कुठंतरी बाकावर बसलेले असतील.

लेकरू पोटात असताना, सातव्या महिन्यातच सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज दिसली होती. 'सूज बहुतेकदा आपोआप उतरते, पण जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी करा,' असं सांगितलं होतं. आम्ही पहिलं तेवढं धरून बसलो आणि दुसरं विसरलो. ती चूक आमचीच. जन्मल्यावर चौथ्या महिन्यात ताप सुरू झाला. तालुक्याच्या एका दवाखान्यात तीनदा औषध बदललं, लघवी मात्र कुणी तपासली नाही. तुमच्यापाशी आलो तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी लघवीच तपासायला लावली.

मग रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाऊन किडनीचा स्कॅन करून आणला. डावी किडनी ३४ टक्के काम करत होती, उजवी ६६. लघवी सुटायचं इंजेक्शन देऊनही, स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध डाव्या बाजूनं खाली उतरतच नव्हतं. मेव्हणा पुण्यातच असतो. तो म्हणाला, "आजकाल चिरा कोण देतं? दुर्बिणीनंच करा, पैशाकडं बघू नका." एका मोठ्या दवाखान्याचा आकडाही त्यानं आणला. तो ऐकून माझ्या वडिलांनी ओढ्याकडच्या एकराला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. आमचं सगळं मिळून अडीच एकर आहे, मॅडम. आई म्हणाली, रान पुन्हा घेता येईल. ते येणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

मी तुम्हाला आल्या आल्या म्हणालो, "पैशाची सोय होतीय, दुर्बिणीनं करा." तुम्ही लगेच हो म्हणाला असता तर आम्ही हात जोडून रान विकलं असतं. तुम्ही विचारलं, "दादा, शेतात ठिबक आहे का?" मी हो म्हणालो. मग केसपेपर उलटा करून तुम्ही निळ्या पेनानं किडनी काढली. तिची पिशवी, आणि खाली मूत्राशयापर्यंत जाणारी नळी. पिशवी आणि नळीच्या सांध्यावर एक फुली मारली. म्हणालात, "नळी इथं ठिबकच्या नळीसारखी चेंबलीय. वरून पाणी येतंच राहतं, खाली जात नाही, म्हणून पिशवी फुगते आणि किडनीवर दाब येतो. खराब सांधा कापून टाकायचा आणि नळी पुन्हा पिशवीला जोडायची. चिरा देऊन केलं काय आणि दुर्बिणीनं केलं काय, आत काम हेच. फरक आत जायच्या वाटेचा."

नळीचं तोंड सरळ कापत नाहीत, तिरका छाट देऊन रुंद करतात म्हणजे सांधा पुन्हा आवळत नाही, हे तुम्ही सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आंब्याचं कलम बांधताना आम्ही असाच तिरका काप घेतो. ही पद्धत अँडरसन आणि हाइन्स या इंग्लंडच्या दोन डॉक्टरांनी १९४९ साली मांडली आणि त्यातले हाइन्स प्लास्टिक सर्जन होते, हेही तुमच्याकडूनच कळलं. लहान मुलांत दुर्बिणीनं हे करायला १९९५ च्या सुमारास सुरुवात झाली.

आणि मग तुम्ही जे बोललात ते मला तोंडपाठ आहे. "पोरगं दहा वर्षांचं असतं तर मीच दुर्बीण म्हणाले असते. मोठ्या मुलाला चिरा मोठा लागतो, दुखतंही जास्त, दुर्बिणीनं ते लवकर घरी जातं. तुमचं लेकरू सहा महिन्यांचं आहे. याच्या इवल्याशा पोटात दुर्बिणीला हात फिरवायला जागा कमी, टाके घालायला वेळ जास्त. उघडं करायचं तर चिरा एवढाच." असं म्हणून तुम्ही माझ्या तळहातावर पेनानं रेघ ओढली. करंगळीच्या दोन पेरांएवढी. "दोन्ही पद्धतींत शंभरातल्या नव्वदांहून जास्त मुलांचा रस्ता नीट मोकळा होतो. स्वस्तातलं करून लेकरावर अन्याय केला, असं मनात आणू नका."

ही शेवटची गोष्ट मी विचारलीच नव्हती. मला तीच खात होती, ते तुम्ही ओळखलंत. ती रेघ हातावर घेऊनच मी गावाकडं आलो. वडिलांना हात दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढाच?" त्याच संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं.

ऑपरेशन फुले जनआरोग्य योजनेत बसलं. पहिल्या रात्री लघवीच्या नळीतून बाहेरच्या पिशवीत थेंब पडायचे थांबले तेव्हा आमचा जीव उडाला होता. सिस्टरनं नळीची पिळ काढली, हलक्या हातानं सरळ केली, आणि थेंब पुन्हा सुरू झाले. त्या सिस्टरचं नाव विचारायचं राहिलं. तुम्हाला ठाऊक असेल तर आमचा नमस्कार त्यांनाही सांगा. दीड महिन्यानं आतला स्टेंट, म्हणजे सांधा मोकळा राहावा म्हणून घातलेली बारीक नळी, काढायला पुन्हा भूल द्यावी लागली. हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून बायको त्या दिवशी रडली नाही.

तीन महिन्यांनी स्कॅन केला. डावी किडनी ३८ टक्के, आणि औषध सरसर खाली उतरलेलं. आई अजूनही लेकराचा ओला लंगोट दोरीवर टाकताना हातात तोलून बघते.

येत्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, तुम्ही आमच्या रानात यायचं, मॅडम. औशापासून जवळच आहे, घ्यायला मी येतो. पूजेची कडब्याची कोप ओढ्याकडच्या त्याच एकरात घालणार आहोत. भज्जी आणि उंडे बायको करील, आणि आंबिलीचं बिंदगं माझ्या आईच्या डोक्यावर असेल.

तुमचा ऋणी,
एक शेतकरी बाप
ता. औसा, जि. लातूर