गुरुवारची वेळ घेतली आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

आधी सांगून टाकते, मग रागवा. आईच्या डोळ्यांसाठी गुरुवारची वेळ घेतली आहे. न विचारता. विचारलं असतं तर "बघू नंतर" ऐकावं लागलं असतं, आणि आपल्या घरातला 'नंतर' कधी उगवतो ते तिघांनाही ठाऊक आहे. रजा मिळाली आहे, न्यायला मीच येते, जिने चढायचे नाहीत. तपासताना फार तर खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं अडकवतील, ती किती भिजते ते बघायला. दुखत नाही.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू सारखं रुमालाचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला लावत होतीस. "रडत नाहीये गं, नुसतं पाणी येतं," म्हणालीस आणि मी हसण्यावारी नेलं. तेच मनाला लागून राहिलंय. डोळा कोरडा पडला की चुरचुरतो, आणि चुरचुरला की उलट धो धो पाणी येतं, हे मला आत्ता कळतंय. त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर लागतो. तो नीट नसला तर पाणी टिकतच नाही, उडून जातं.

हे तुझ्या एकटीचं नाही. जगभरच्या पाहण्यांत 5 पासून 50 टक्क्यांपर्यंत लोकांना हा त्रास आढळलाय. कुणी नुसत्या तक्रारी मोजतं, कुणी तपासण्याही करतं, म्हणून आकडा असा पसरट. वय वाढलं की धोका वाढतो, बायकांना जास्त, पाळी गेल्यावर आणखी. त्यात तुझा संधिवात आणि रात्रीची ॲलर्जीची गोळी. आणि तो टॅब्लेट? मीच आणून दिला. टक लावून बघताना पापण्या लवायच्याच विसरतात.

लहानपणी माझ्या डोळ्यात काही गेलं की फुंकर मारून "गेलं बघ" म्हणायचीस. गेलेलं नसायचं, पण मी रडायची थांबायचे. फुंकर मला जमणार नाही, निदान एवढं तरी करू दे.

आता ऐका. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून ठेव. लाली घालवायचे ते थेंब, कुणी का सुचवलेले असेनात, तोवर घालू नकोस. बाबा, पंख्याचं तोंड आजच आईच्या उशीवरून फिरवा. तुम्हाला उकडेल, माहीत आहे, पण चारच दिवस.

आणि बाबा, वेळ दोघांची घेतली आहे. तुम्हीही हल्ली पेपर वाचताना डोळे चोळता, मी पाहिलंय.

तुमची,
ताई