आठव्या जागेचं गणित

प्रिय सुहास,

आपला संघ एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, जाईल का, असं तू विचारलंस. माझ्या मते सगळा प्रश्न आठव्या जागेचा आहे. सहावीकडे बघून जीव जाळू नकोस आणि दहावी हातात आहे म्हणून निर्धास्तही राहू नकोस.

प्रत्येक कॉन्फरन्समधले (लीगच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांतले) पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये जातात, उरलेल्या दोन जागांसाठी सातव्या ते दहाव्यांत प्ले-इन सामने होतात. त्यांची २०२०-२१ पासूनची रचना आठवून बघ. सातवा आणि आठवा एकमेकांशी खेळतात, जिंकणारा थेट सातवा. हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते, आणि तीही घरच्या कोर्टवर. नववा-दहावा खेळतात, त्यात हरला त्याचा मोसम संपला, जिंकला त्याला सातव्या-आठव्यातल्या हरलेल्याच्या कोर्टवर जाऊन जिंकावं लागतं, तेव्हा आठवी जागा. प्रत्येक सामना अगदी बरोबरीचा धरला, तरी आठव्याची शक्यता ७५ टक्के आणि नवव्याची फक्त २५. एका पायरीत तिप्पट फरक! २०२३ मध्ये मायामी पहिला सामना अटलांटाशी हरलं, दुसऱ्यात शिकागोला हरवून आठवं आलं आणि थेट अंतिम फेरीपर्यंत पोचलं. पण दोन संधी म्हणजे हमी नव्हे. २०२१ मध्ये आठवं असलेलं गोल्डन स्टेट आधी लेकर्सशी, मग मेम्फिसशी हरलं आणि बाहेर पडलं.

आता तक्ता वाचताना ‘किती सामने मागे’ या रकान्यापेक्षा पराभवांचा रकाना आधी बघ. न खेळलेला सामना अजून जिंकता येतो, झालेला पराभव पुसता येत नाही. समज, आपण ४०-३५ (४० विजय, ३५ पराभव) आणि नववा संघ ३८-३६. तक्ता दीड सामन्यांचं अंतर दाखवतो, पराभवांत मात्र फरक एकाचाच. मग मॅजिक नंबर काढ: ८३ (मोसमातले ८२ सामने अधिक एक) वजा आपले विजय वजा त्यांचे पराभव. ८३ - ४० - ३६ म्हणजे ७. आपले उरलेले विजय आणि त्यांचे उरलेले पराभव मिळून सात झाले, की ते आपल्याला गाठू शकत नाहीत. टायब्रेकर, म्हणजे बरोबरी झाली तर वर कोण ते ठरवणारा निकष, आपल्या बाजूने असेल तर सहाच पुरेत.

टायब्रेकर आधी आपसातल्या सामन्यांवरून ठरतो, म्हणून त्यांच्याशी उरलेला सामना सोन्याचा आहे. त्या संघाशी चारपैकी तीन झालेत आणि आपण २-१ ने पुढे आहोत असं धर. चौथा जिंकलो तर आपला एक विजय, त्यांचा एक पराभव आणि वर टायब्रेकर: एका रात्रीत सातावरून चारावर. हरलो तर २-२. मग डिव्हिजनमध्ये (कॉन्फरन्समधल्या पाच संघांच्या गटात) पहिला कोण ते बघतात, दोघं एकाच डिव्हिजनचे असतील तर डिव्हिजनमधली कामगिरी, आणि तिथेही सुटलं नाही तर कॉन्फरन्समधली. त्यामुळे दुसऱ्या कॉन्फरन्सच्या संघाशी झालेला पराभव त्यातल्या त्यात परवडतो. तीन संघ बरोबरीत आले तर दोघांतला हिशेब विसर, आधी डिव्हिजनमध्ये पहिला कोण ते बघतात, मग तिघांच्या आपसातल्या सगळ्या सामन्यांची एकत्र टक्केवारी धरतात. इथेच भलेभले फसतात.

सहावा संघ ४२-३३ असेल आणि टायब्रेकर त्यांचा, तर आपण सातपैकी सहा जिंकूनही त्यांना चारच विजय पुरतात. म्हणून म्हटलं, तो नाद सोड.

उरलेलं वेळापत्रक नुसतं प्रतिस्पर्ध्यांच्या क्रमावरून सोपं-अवघड ठरवू नकोस. वरचा क्रमांक पक्का झालेला संघ शेवटच्या आठवड्यात मुख्य खेळाडूंना विश्रांती देतो, त्यामुळे कागदावरचा कठीण सामना सोपा होतो. उलट सलग दोन रात्रींतला दुसरा सामना, तोही प्रवास करून, तळाच्या संघाविरुद्धसुद्धा जड जातो. थकव्यात आधी पायांतली ताकद जाते, तीन गुणांचे फटके रिंगच्या पुढच्या कडेला लागतात आणि बचावात परतायला उशीर होतो. गेल्या पंधरा सामन्यांतला सरासरी गुणफरकही बघ. दोन-तीन गुणांनी जिंकलेल्या सामन्यांवर उभी असलेली विजयमालिका मला भरवशाची वाटत नाही.

उरलेल्या सात सामन्यांच्या तारखा आणि त्यातले सलग रात्रींचे कुठले, तेवढं कळव. आठव्या आणि नवव्याचा पूर्ण हिशेब मांडून पाठवतो.

तुझा,
अजित