तोमारचा क्रूस आणि आपले जुने भांडण

प्रिय अविनाश,
स. न. वि. वि.

इतके महिने पत्र नाही, म्हणून तू रागावला असशील आणि ते रास्तच आहे. माझे बरे चालले आहे. गुडघा कुरकुरतो, तेवढेच. पोर्तुगालमधल्या तोमारहून पाठवलेल्या तुझ्या फोटोने मात्र झोप उडवली, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर मला वेड्यात काढतील.

तिथल्या ख्रिस्त-पंथाच्या मठाच्या त्या कोरीव खिडकीच्या माथ्यावरचा क्रूस मी भिंग घेऊन पाहिला. फोटोमागे तू लिहिलेस की, ख्रिस्त-पंथाच्या तांबड्या क्रूसाच्या पोटातला पांढरा क्रूस म्हणजे टेंपलरांवरचे, म्हणजे त्या आधीच्या लढवय्या धर्मपंथावरचे, आरोप धुऊन निघाल्याची खूण. खुलासा गोड आहे, म्हणूनच मला पटत नाही. 1312 मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने टेंपलर पंथ मोडला. त्यांच्या पोर्तुगालमधल्या जमिनी राज्याबाहेर जाऊ नयेत, यासाठी राजा दिनिशने खटपट केली आणि 1319 मध्ये हा नवा ख्रिस्त-पंथ उभा राहिला. तांबडा रंग वारसा सांगतो, पांढरा वेगळेपणा. बुडालेल्या पेढीची गादी हवी, देणी नकोत, असा तो व्यवहार मला दिसतो.

हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या पंथाच्या क्रूसाची आठ टोके तू मधूच्या भिंतीवर कोळशाने काढून प्रत्येकाला ख्रिस्ताचे एकेक धन्यवचन (‘धन्य ते…’ असे सुरू होणारे) वाटून दिले होतेस, आणि त्यावरून आपला अबोला झाला, हे आठवते ना? (भिंत मात्र मलाच पुसावी लागली.) तीच टोके पंथाच्या आठ भाषिक विभागांचीही म्हणतात, मूळ नियमात क्रूस छातीवर असावा एवढीच आज्ञा. स्पेनमधल्या सांतियागो या तशाच पंथाच्या क्रूसाची खालची भुजा तलवारीसारखी निमुळती, तिथे मात्र अर्थ आकारातच आहे. तेवढे तुझे मान्य.

खरी चिंता पणजीच्या व्याख्यानाची. संयोजकांना प्रत्येक रंगापुढे एकेक अर्थ लिहून हवा आहे. 1420 पासून पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याच्या हाती ख्रिस्त-पंथाचा कारभार गेला, पंथाच्या उत्पन्नाचा आधार समुद्रमोहिमांना मिळाला, आणि हा क्रूस शिडांवर चढून पुढे मांडवीपर्यंत आला. ज्यांच्या पूर्वजांनी तो किनाऱ्यावरून पाहिला, त्यांच्यापुढे ‘पांढरा म्हणजे शुद्धता’ असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि नुसते ‘मालमत्तेची खूण’ म्हटले, तर तो छातीवर घेऊन मेलेल्यांवर अन्याय होतो, असे तू म्हणशीलच.

तुझ्या नव्या नोकरीचे, चिरंजीवांच्या प्रवेशाचे काय झाले? वहिनींना नमस्कार. व्याख्यानापूर्वी उत्तर धाड, भांडायचे असले तरी.

तुझा,
सदानंद