पोलादपूरच्या त्या मंडळींचे आभार

कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमची जुनी पद्मिनी गाडी भर उन्हात रुसली, तेव्हा मदतीला धावलेल्या सर्वांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली.

सेल्फ जोरात फिरत होता, हॉर्नही खणखणीत, म्हणजे बॅटरी ठीक. पण इंजिन काही पकडेना. बघ्यांपैकी निम्म्यांचं मत ‘कॉइल (स्पार्कसाठी जादा व्होल्टेज तयार करणारी) गेली, बदला’. (असे सल्लागार प्रत्येक घाटात असतात.) ट्रक थांबवून उतरलेले एक काका मात्र काहीच न बोलता टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट आहे का ते दाखवणारा दिवा, घेऊन आले. चावी ऑन केल्यावर कॉइलच्या प्लसला दिवा लागला. मायनसला लागेना, सेल्फ मारला तरी लुकलुकेना. तिथून डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगना स्पार्क वाटून देणारा भाग) जाणारी वायर त्यांनी सोडवली आणि मायनसला दिवा पेटला. कॉइल निर्दोष सुटली! वायर परत जोडून सीबी पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमधला, स्पार्कसाठी उघडून कॉइलचा करंट तोडणारा स्विच) मध्ये त्यांनी विडीच्या बंडलाचा कागद सरकवला, दिवा विझलेलाच. मग पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरची (पॉइंटवरची ठिणगी आवरणारी छोटी डबी) वायर काढली, आणि लागला की! कंडेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळा करंट बॉडीला जात होता, पॉइंट उघडोत वा न उघडोत. स्पार्क येणार कुठून?

नवा कंडेन्सर बाइकवरून आणून देणाऱ्या पोरा, तुझे विशेष आभार. आईला सावलीत बसवून ताक देणाऱ्या ताई, तुमचेही.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत. ते टपरीवाल्या दादांकडे ठेवलेत. पुढच्या फेरीला तुमचा चहा-वडापाव आमच्याकडून.