बेरोजगारीचे खापर केवळ कौशल्याच्या अभावावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेरोजगारीचा विषय निघाला की ‘उमेदवारांकडे कौशल्य नाही’ आणि ‘यंत्रांनी कामे हिरावली’ ही दोनच कारणे हिरिरीने मांडली जातात. दोन्हींत तथ्य आहे. छापखान्यांत संगणकावरची अक्षरजुळणी आली, तेव्हा शिशाचे खिळे झरझर जुळवणाऱ्या कंपोझिटरची उमेदीच्या काळात कमावलेली हातोटी कवडीमोल झाली. अशा संरचनात्मक बेरोजगारीवर प्रशिक्षणाचा उपाय लागू पडतो. नोकरी बदलताना मध्ये जाणारा थोडा रिकामा काळ तर निकोप अर्थव्यवस्थेतही असतोच.

परंतु अमेरिकेतील बेरोजगारी १९२९ मध्ये सुमारे ३ टक्के होती, ती १९३३ मध्ये २५ टक्क्यांच्या घरात गेली. चार वर्षांत इतके कामगार आपापले काम विसरले, असे कोणी म्हणणार नाही. माल खपेना म्हणून कारखानदाराने माणसे कमी केली, त्या माणसांनी खरेदी आखडली आणि त्यामुळे इतरांचाही माल पडून राहिला. अशा वेळी मजुरी उतरवून रोजगार वाढत नाही, कारण एकाची मजुरी हेच दुसऱ्याचे गिऱ्हाईक असते, हे अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये सविस्तर मांडले. पुढे युद्धखर्चाने मागणी उसळली आणि १९४४ मध्ये तिथली बेरोजगारी २ टक्क्यांच्याही खाली आली (लाखो लोक सैन्यात भरती झाले होते, हेही अर्थात हिशेबात धरले पाहिजे).

घोटाळा होतो तो यानंतर. मंदी लांबली की बेकारांचा सराव तुटतो आणि अर्जात वर्ष-दोन वर्षांचा खंड दिसताच तो अर्ज मुलाखतीपूर्वीच बाजूला पडतो. मंदी ओसरल्यावर हीच माणसे ‘अकुशल’ म्हणून मोजली जातात आणि कारणाच्या जागी परिणामाची नोंद होते. आजची बेरोजगारीच उद्याची बेरोजगारी टिकवून धरते, हा मुद्दा युरोपातील रेंगाळलेल्या बेरोजगारीबाबत ब्लँचार्ड आणि समर्स या अर्थतज्ज्ञांनी १९८६ मध्ये मांडला होता.

म्हणून नुसत्या बेरोजगारीच्या दरावरून निष्कर्ष काढू नयेत. जागा रिकाम्या असूनही माणसे बेकार असतील, तर दोष कौशल्याचा किंवा ठिकाणाचा असू शकतो. जागाच नसतील, तर प्रशिक्षणाने रांगेतला क्रम तेवढा बदलतो. आपल्या वृत्तपत्राने बेरोजगारीच्या दराशेजारी रिक्त जागांचे आणि वर्षाहून अधिक काळ काम न मिळालेल्यांचे आकडेही नियमित छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक