'आपला' काळ म्हणजे नेमका कोणाचा?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला काळावरचा लेख वाचला. पाश्चात्त्यांचा काळ सरळ रेषेत धावतो आणि आपला चक्रासारखा फिरतो, असं त्यात ठासून म्हटलं आहे. शाळेत संस्कृत शिकवण्यात माझी हयात गेली. स्नेहसंमेलनाचे पाहुणे हेच सांगायचे, तेव्हा कोणी हरकत घेत नसे. पण छापून आल्यावर गप्प बसवेना.

चक्राचंच बोलायचं तर घरातलं पंचांग उघडावं. १९६५च्या पाडव्याला विश्वावसू संवत्सर लागलं, साठ वर्षांनी २०२५ला पुन्हा तेच नाव आलं. हे झालं चक्र. शेजारी शक मात्र १८८७चा १९४७ झाला, आणि १८८७ काही परत यायचा नाही. दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदतात. तिकडे ग्रीसमधले स्टोइक तत्त्वज्ञ तर सारं विश्व जळून पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं असं मानत. मग सरळ रेष कोणाची?

आपल्या दर्शनांतला, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांतला, खरा वाद आकाराचा नव्हताच. काळ नावाची वस्तू आहे की नाही, यावर तो होता. वैशेषिक हे त्यांतलं एक दर्शन; त्यांच्या नऊ मूळ द्रव्यांत पृथ्वी-पाण्याच्या पंगतीला काळही बसतो. तो दिसत नाही, अनुमानाने कळतो. माझी बहीण माझ्याहून थोरली, म्हणजे तिच्या जन्मापासून सूर्याच्या फेऱ्या जास्त झाल्या. पण सूर्य आकाशात आणि बहीण साताऱ्यात! दोघांची गाठ घालून देणारं काहीतरी हवं, तोच काळ. तो एक, सर्वव्यापी, नित्य. भूत-वर्तमान-भविष्य हे भेद त्याचे स्वतःचे नव्हेत, सूर्यगतीसारख्या उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जोडलेल्या निमित्तांमुळे, आपण ते करतो. (वर्गात मुलांना हे बहिणीचं उदाहरण लगेच पटायचं.)

यावर सांख्य या दुसऱ्या दर्शनाच्या बाजूने भाष्यकार वाचस्पती मिश्रांनी जे विचारलं, ते मला बिनतोड वाटतं. सगळे भेद उपाधीच करणार असतील, तर मधल्या या एकसंध काळाचं काम काय? उपाधींवरच भागवा की! योगसूत्रांवरच्या व्यासभाष्याची वाट आणखी निराळी. क्षण खरा, पण दोन क्षण कधीच एकत्र नसतात. म्हणून त्यांची बेरीज करून बनवलेले मुहूर्त आणि दिवस-रात्र ही बुद्धीची करणी. पुढे नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी तर, स्वतः नैयायिक, म्हणजे वैशेषिकांच्या जोडीच्या न्याय दर्शनाचे, असूनही, काळाला वेगळं द्रव्य मानायचं नाकारलं. घरचाच आहेर!

आइन्स्टाइनने आपल्या ऋषींना दुजोरा दिला, असं लेखाच्या शेवटी आहे. कोणत्या ऋषींना? वैशेषिकांचा काळ साऱ्या विश्वाला एकच. सापेक्षता सिद्धांताने नेमका तोच, सर्वांना सामाईक असलेला काळ मोडीत काढला. वैशेषिकांच्या आद्य ऋषींच्या, कणादांच्या, पदरात दुजोरा कसा पडतो, ते लेखकाने सांगावं.

लेखमालेचा पुढचा भाग यायचा आहे असं दिसतं. त्यात 'भारतीय मत' असं मोघम न लिहिता दर्शनाचं नाव द्यावं, आणि वाचस्पतींच्या प्रश्नाला वैशेषिकांच्या बाजूने काय उत्तर देता येईल, तेही मांडावं. मला ते वाचायला आवडेल.

– एक निवृत्त संस्कृत शिक्षक, वाई