दात काढल्यावर बिडी नको, हे पेशंटला नीट सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या निपाणी-चिकोडी भागात दात काढून आलेला माणूस दवाखान्याबाहेर पडला की लगेच बिडी पेटवतो आणि कोणी अडवत पण नाही, ह्याचं खरंच वाईट वाटतं. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच खालचं हाड आणि नसा झाकून ठेवते. झुरका ओढताना ती गाठ सुटू शकते, वर निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात म्हणजे जखमेला रक्तच कमी मिळतं, मग दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की कानापर्यंत जातो आणि साध्या गोळीने थांबत नाही. ह्यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. लोक डॉक्टरला दोष देतात, दरवेळी ते खरं नसतं. निदान 72 तास तरी ओढू नका, जास्त थांबलात तर अजून चांगलं. तंबाखू-गुटखा पण नको.

निपाणीत तंबाखूवर कितीतरी घरं चालतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण डेंटिस्ट लोकांनी एवढं कन्नड आणि मराठी दोन्हीत कागदावर छापून द्यावं, आणि सोबत आलेल्या घरच्यांनाही सांगावं. ठणका लागलाच तर घरी सोसत बसू नका, परत दाखवा, खड्डा धुवून औषध भरतात.

एक वाचक, निपाणी